लहान गाव आणि न बोलणारे साक्षीदार : दक्षिणेतील खून-रहस्याची कादंबरी आणि मराठीतील एक रिकामी जागा

तौलनिक साहित्याच्या एका वर्गात कन्नड मातृभाषा असलेल्या विद्यार्थिनीने मला विचारले, की के. पी. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या 'चिदंबर रहस्य' (१९८५) या कादंबरीशेजारी ठेवावी अशी मराठी कादंबरी कोणती? प्रश्न सरळ होता आणि अभ्यागत प्राध्यापकाला त्याचे उत्तर यायला हवे होते. मी प्रथम बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेतले आणि लगेच मागे घेतले. मग जी. ए. कुलकर्णींचे घेतले, तेही मागे घेतले. तास संपला. प्रस्तुत निबंध हा त्या न दिलेल्या उत्तराचा पाठपुरावा आहे.

माझे वास्तव्य सध्या बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, बोम्मसंद्रा येथे आहे. होसूर रस्त्यालगत कारखान्यांची रांग आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे शेवटचे स्थानकही येथेच आहे. या परिसरातील गावांच्या नावांत वारंवार येणारा 'संद्र' हा प्रत्यय 'समुद्र', म्हणजे मोठा तलाव, या शब्दाचे झिजलेले रूप असल्याचे मानले जाते. गावाच्या नावात तळे आहे; रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही आणि कोणी विचारीतही नाही. तेजस्वींनी आपल्या काल्पनिक गावाला 'केसरूरु' हे नाव दिले. 'केसरु' म्हणजे चिखल. ही दोन नावे एकाच आठवड्यात माझ्यापुढे आली हा केवळ योगायोग. परंतु लहान गावाचे रहस्य म्हणजे काय, याचा विचार करताना तो मला उपयोगी पडला. गुप्तहेरकथेत रहस्य कोठेतरी दडविलेले असते. लहान गावात ते नावासारखे सर्वांच्या तोंडी असते आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

'चिदंबर रहस्य' हे शीर्षकच येथे पहिला पुरावा म्हणून घ्यावे लागते. तमिळनाडूतील चिदंबरमच्या मंदिरात पडदा बाजूला सारल्यावर मूर्ती दिसत नाही. सुवर्णाच्या बिल्वपत्रांची माळ आणि तिच्यामागे रिक्त अवकाश दिसतो. आकाशतत्त्वाचे हे स्थान. दक्षिणेकडील भाषांत त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला : जे कधी उलगडत नाही किंवा उलगडल्यावर हाती काही लागत नाही असे गुपित. मराठीत अशा प्रसंगी आपण 'गौडबंगाल' म्हणतो, म्हणजे रहस्याचे खापर दूरच्या प्रांतातील जादूगारांवर फोडतो. तमिळ आणि कन्नड भाषकांनी ते आपल्याच गाभाऱ्यात ठेवले आहे. हा भेद मी गमतीने नोंदवितो, पण तो पुढे आपल्या विवेचनात परत येणार आहे.

कादंबरीचे कथानक वरवर पाहता शोधकथेचेच आहे. मलनाडमधील या गावी वेलदोड्याचे उत्पादन घटत चालले आहे. वेलदोड्यावर संशोधन करणाऱ्या जोगीहाळ नावाच्या शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आहे. आणि अंगडी नावाचा अधिकारी बाहेरून तपासाला आला आहे. इथपर्यंत वाचकाच्या सर्व अपेक्षा पुरविल्या जातात. परंतु तपास जसजसा पुढे सरकतो तसतसा मृतदेह मागे पडतो आणि गाव पुढे येते : बागाईतदार, व्यापारी, क्रांतीच्या गप्पा मारणारी महाविद्यालयीन मुले, रफी आणि जयंती यांचे प्रेम, त्या प्रेमाभोवती पेट घेणारा धार्मिक विद्वेष. 'कोणी मारले?' या प्रश्नाची जागा 'हे गाव कशामुळे मरते आहे?' हा प्रश्न घेतो. कादंबरीचा शेवट आगीत होतो. या आगीला कोणी एक गुन्हेगार नाही. प्रत्येकाने थोडे थोडे सरपण आणून टाकले आहे. तेजस्वी स्वतः मुडिगेरे परिसरात शेती करीत, पक्षी आणि कीटक न्याहाळीत राहिले. एका रोपावरची कीड आणि एका गावातली कीड यांचा तपास एकाच नजरेने करता येतो, ही दृष्टी त्यांना ग्रंथांतून मिळालेली नसावी. कादंबरीला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे कन्नडने शोधकथेच्या साच्याला गंभीर साहित्याच्या ओसरीवर बसविण्यास फार संकोच केला नाही.

तेजस्वींच्या आधी जवळजवळ पाव शतक आर. के. नारायण यांनी 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' (१९६१) मध्ये हाच साचा वेगळ्या रीतीने वापरला होता. या कादंबरीकडे सामान्यतः भस्मासुराच्या कथेचे आधुनिक रूप म्हणून पाहिले जाते. कादंबरीतील शास्त्रीच ती चावी वाचकाच्या हाती देतो, त्यामुळे समीक्षकांना फारसे कष्ट पडत नाहीत. पण पुराणकथा क्षणभर बाजूला ठेवून ती खून-रहस्य म्हणून वाचली तर काय दिसते? छापखान्याचा मालक नटराज याच्या माळ्यावर वासू नावाचा धटिंगण पेंढा भरलेल्या जनावरांसह राहतो. देवळाच्या मिरवणुकीतील कुमार या हत्तीला गोळी घालण्याचा त्याचा बेत असतो. मिरवणूक सुखरूप पार पडते आणि वासू खुर्चीत मृतावस्थेत सापडतो. कानशिलावर आघाताची खूण. संशय नटराजवर. पोलिसांच्या हाती काही लागत नाही, परंतु गावाला पोलिसांची गरजच नसते. मित्र येईनासे होतात, छापखान्याची पायरी ओस पडते. पुढे शास्त्रीकडून खरा प्रकार कळतो. देवदासी रंगीने जे पाहिले ते तिने त्याला सांगितले आहे : डास मारण्यासाठी वासूने स्वतःच्याच कानशिलावर आपल्या हातोड्यासारख्या तळव्याचा तडाखा दिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सत्य ज्या एकमेव व्यक्तीला ठाऊक होते, तिला साक्षीदार म्हणून गावात प्रतिष्ठा नव्हती. रंगीच्या शब्दाला किंमत नाही म्हणून रहस्य टिकले. नारायण हे विनोदाच्या स्वरात सांगतात आणि आपण हसत हसत पुढे जातो. पण ज्या रचनेवर ती कादंबरी उभी आहे ती रचना क्रूर आहे. लहान गावात पुरावा नसतो असे नाही. पुरावा कोणाजवळ आहे, यावर तो पुरावा ठरतो की नाही हे अवलंबून असते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे वळल्यावर याच रचनेचे उघडे आणि अधिक भीषण रूप दिसते. विल्यम फॉकनर यांच्या 'इन्ट्रूडर इन द डस्ट' (१९४८) मध्ये लुकस ब्यूचॅम्प या वृद्ध कृष्णवर्णीयावर व्हिन्सन गाउरी या गोऱ्या माणसाच्या खुनाचा आरोप आहे. जेफर्सन गावाला तपासाची आवश्यकता वाटत नाही. लुकस तुरुंगात आहे आणि बाहेर जमाव वाट पाहत आहे. वकील गॅव्हिन स्टीव्हन्स हा सुशिक्षित, उदारमतवादी माणूस. तोही लुकस दोषी आहे असे धरूनच त्याच्याशी बोलतो. तपास करतात ते तिघे : स्टीव्हन्सचा सोळा वर्षांचा भाचा चिक, त्याच्याच वयाचा कृष्णवर्णीय मुलगा अ‍ॅलेक सँडर आणि मिस हॅबरशॅम ही वृद्ध अविवाहित स्त्री. रात्री ते थडगे उकरतात आणि आत भलताच मृतदेह निघतो. खून भावानेच केलेला असतो.

फॉकनरची ही कादंबरी त्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणली जात नाही. स्टीव्हन्सची दक्षिणेच्या कैवाराची लांबलचक भाषणे तिला जड करतात, हे मला मान्य आहे. मात्र त्या तिघांची निवड मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. गावात ज्यांच्या मताला वजन नाही तेच शोध घेऊ शकतात, कारण सत्य कळल्यामुळे त्यांचे काही बुडणार नसते. आणि शेवटी लुकस वकिलाची फी चिल्लर मोजून देतो व पावती मागतो. गावाने आपले प्राण वाचविले या उपकाराच्या ओझ्याखाली तो राहू इच्छीत नाही. संपूर्ण कादंबरीत स्टीव्हन्सला जे भाषणांतून सांगता आले नाही ते या मागणीत आहे.

या मालिकेत गार्सिया मार्केस यांच्या १९८१ मधील लघुकादंबरीचाही उल्लेख करावा लागेल. तेथे सान्तियागो नासारला कोण मारणार, केव्हा आणि कशासाठी, हे त्याच्याखेरीज बहुतेक साऱ्या गावाला आधीच ठाऊक आहे. वर जी रचना आपण रंगी आणि लुकस यांच्या संदर्भात पाहिली तिचे हे टोक. तेथे थांबण्याचे कारण नाही.

आता मराठीकडे. आपल्याकडे रहस्यकथा उदंड आहे. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या कथांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वाचक वेडा केला. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून झुंजार, धनंजय आणि काळा पहाड यांना घरोघरी पोचविले. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. या लेखनाकडे विद्यापीठीय समीक्षेने पाठ फिरविली, ही तक्रार आता जुनी झाली आहे आणि ती मी पुन्हा करणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अर्नाळकरांचा गुन्हा बहुधा मुंबईत घडतो. मोटार, दूरध्वनी, बंगला, अनोळखी पाहुणा यांवाचून तो घडू शकत नाही. अनोळखी माणूस हा या प्रकाराचा श्वास आहे, आणि लहान गावात अनोळखी माणूस नसतो. दुसरीकडे आपली ग्रामीण कादंबरी दुष्काळ, भूक, जमीन, नातीगोती यांत खोल उतरली. खून तिच्यात येतो तेव्हा भाऊबंदकीचा शेवट म्हणून येतो, रहस्य म्हणून नव्हे. तिसरीकडे काळोखाचे आपले दोन थोर जाणकार आहेत, चिं. त्र्यं. खानोलकर आणि जी. ए. कुलकर्णी. जी. ए. तर धारवाडात राहून लिहीत होते. मराठीचे खरेखुरे 'दक्षिणेतील लहान गाव' त्यांच्या कथांत आहे. पण जी. एं.च्या कथेत तपास होत नाही, कारण गुन्हेगार आधीच ठरलेला असतो : नियती. खानोलकरांत त्याचे नाव बदलते, इतकेच. पुन्हा गौडबंगाल. जे गावाने केले त्याची जबाबदारी गावाबाहेरच्या कोणावर तरी सोपविलेली.

आणि हे सारे असताना मराठवाड्यात मानवत घडले. परभणी जिल्ह्यातील या गावी १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांच्या आणि लहान मुलींच्या हत्यांची मालिका झाली. दुष्काळाची ती वर्षे होती. गुप्तधन आणि संतती यांच्या लालसेने दिलेले नरबळी, असे त्या हत्यांचे स्वरूप तपासातून मांडले गेले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा अधिकारी पाठवावा लागला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लहान गाव, बाहेरून आलेला तपास अधिकारी, गावातील वजनदार घर, बोलू न शकणारे साक्षीदार : तेजस्वींना जे कल्पावे लागले ते येथे वर्तमानपत्रांत छापून आले होते. मराठी कादंबरीने त्याचे, निदान त्या तोडीचे, काही केले नाही. केले ते चित्रपटाने. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' हा दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट काढला.

'आक्रीत' आज पुन्हा पाहताना दोन गोष्टी जाणवतात. खुनी कोण हे प्रेक्षकापासून दडवून ठेवण्यात तेंडुलकरांना रस नाही. मुकुटरावाच्या वाड्यातील रोजच्या व्यवहारातून, सत्तेच्या सवयीतून हत्या कशी शक्य होते, हे त्यांना दाखवायचे आहे. या अर्थाने 'आक्रीत' मार्केस आणि तेजस्वी यांच्या पंक्तीला बसतो, आणि तेजस्वींच्या चार वर्षे आधी. दुसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे. मुकुटरावाची ठेवलेली स्त्री रुही हिच्या ठायी चित्रपट भीतीही ठेवतो आणि आदिमताही. तिच्या असुरक्षिततेची कारणे तेंडुलकरांना ठाऊक आहेत, ती दिसतातही. तरी कॅमेरा जेव्हा काळोखाकडे वळतो तेव्हा तो वाड्यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर अधिक रेंगाळतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरून तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्यांच्यातील स्त्रीचा चेहरा असा वापरला जातो, तेव्हा लहान गावाचा जुनाच निवाडा कलेच्या भाषेत पुन्हा वाचला जाण्याचा धोका असतो. मी तेंडुलकरांवर आरोप करीत नाही. जेफर्सन गावाने लुकसकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेपासून पूर्णपणे सुटका करून घेणे फॉकनर यांनाही साधले नाही. २०२४ साली कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारित 'मानवत मर्डर्स' ही मालिका आशिष बेंडे यांच्या दिग्दर्शनाखाली आली. तिने कथन पुन्हा तपास अधिकाऱ्याच्या बाजूला नेले. ती नेटकी आहे. पण पन्नास वर्षांनी आपण अंगडीच्या मागे चालत आहोत, केसरूरूच्या आत नाही, असे तिच्याविषयी मला वाटत राहिले.

मग मराठीत आतून कोणी लिहिले? या प्रश्नाशी मी बराच काळ अडखळलो आणि उत्तर चुकीच्या कपाटात शोधत होतो हे उशिरा ध्यानात आले. तेजस्वींना अकादमी पुरस्कार मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मराठीचा पुरस्कार लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाला मिळाला. लातूरजवळच्या धनेगावातील हे कथन आपण दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या विभागात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एकदा ते 'चिदंबर रहस्य'नंतर लगोलग वाचून पाहावे. गावात चोरी झाली की पोलिस येतात. ते कोणाच्या दारी येणार हे ठरलेले. येथे तपास म्हणजे मारझोड. पुराव्याची गरज नाही, कारण जात हाच पुरावा. आणि त्या घरात मुलांना कोणते शिक्षण दिले जाते? मार सहन करण्याचे, तोंडातून नाव न काढण्याचे. वडीलधारे मुलाला मारून मारून तयार करतात, म्हणजे उद्या ठाण्यात तो बोलणार नाही. शोधकथेत ज्याला 'संशयिताचे मौन' म्हणतात आणि हेर ज्याचा बुद्धिचातुर्याने भेद करतो, ते मौन कसे घडविले जाते याची कार्यशाळाच आपल्यापुढे उघडते. लक्ष्मण शाळेत जाऊ लागला आणि वस्तीतील मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोष त्याच्या शाळेवर गेला. कार्यकारणभावाचा हा असा तपास वस्तीच्या आतही चालतो, हे गायकवाड लपवीत नाहीत. त्या प्रामाणिकपणामुळेच हे कथन निव्वळ फिर्याद होत नाही.

शोधकथेचे कथन नेहमी शोधणाऱ्याच्या खांद्यावरून होते. पो आणि कॉनन डॉइल यांच्यापासून हा संकेत चालत आला. तेजस्वींनी तो वाकविला, नारायणांनी त्याची थट्टा केली, फॉकनर यांनी तो खांदा एका मुलाचा केला. 'उचल्या'ने कथन दाराच्या दुसऱ्या बाजूला नेले. ज्याच्या दारावर थाप पडते तो सांगतो. या दृष्टीने पाहता मराठीने लहान गावाच्या गुन्ह्याची गंभीर कादंबरी लिहिली नाही हे विधान अर्धे खरे ठरते. तिचे घटक आपल्याकडे विखुरले : गुन्हा मुंबईत गेला, काळोख धारवाड-कोकणात, वाडा पटकथेत, आणि संशयिताचा आवाज आत्मकथनात. कन्नडमध्ये हे सर्व एका कादंबरीच्या छपराखाली राहू शकले. यात कन्नडचा लाभ उघड आहे. तेजस्वींचा वाचक हसतो, घाबरतो आणि विचार करतो, तिन्ही एकाच पानावर. मराठी वाचकाला त्यासाठी तीन दालने फिरावी लागतात. पण केसरूरूमध्ये ज्यांच्या दारावर प्रथम थाप पडली असती त्यांचे कथन तेजस्वींच्या कादंबरीत त्यांच्या तोंडून येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल आणि तो मला टाळायचा नाही. आत्मकथनाला शोधकथेच्या चौकटीत बसविणे म्हणजे जगलेल्या यातनांना कथानकाची गंमत चढविणे नव्हे काय? आत्मकथनांवरील समीक्षेने साहित्यप्रकाराच्या कसोट्यांना विरोध केला तो याच भयाने, आणि तो विरोध त्या वेळी आवश्यक होता. माझे म्हणणे इतकेच, की येथे चौकटीत बसविले जात आहे ते 'उचल्या' नव्हे. उलट 'उचल्या'च्या कसोटीवर शोधकथा तपासली जात आहे. मृत शास्त्रज्ञाचे काय झाले हे विचारणारी कादंबरी, ज्याला त्या मृत्यूसाठी उद्या उचलून नेले जाईल त्याच्याविषयी काय विचारते? हा प्रश्न नारायणांना विचारला की रंगी दिसते. फॉकनर यांना विचारला की पावती मागणारा लुकस दिसतो. तेजस्वींना विचारला की पाने बराच वेळ उलटावी लागतात.

पुढच्या सत्रात मी दोन्ही पुस्तके एकत्र लावली. कन्नड विद्यार्थ्यांनी 'उचल्या' भाषांतरातून वाचले, दोघा मराठी विद्यार्थ्यांनी 'चिदंबर रहस्य' इंग्रजीच्या आणि कन्नड मित्रांच्या आधाराने. चर्चा दोन तास चालली. जिने मूळ प्रश्न विचारला होता ती शेवटपर्यंत गप्प होती. उठताना म्हणाली, "सर, यात मेलेले माणूस कुठे आहे?" मी तिला धनेगावच्या त्या वस्तीतील मुलांचे, मार खाण्याच्या शिक्षणाचे प्रकरण पुन्हा वाचण्यास सांगितले. तिने पुस्तक पिशवीत टाकले. तिला ते पटले नव्हते, असे दिसले.